धर ओंजळ

टँकरचं पाणी मातीवर ओतलं जात होतं आणि मी सावधान उभा राहून ते बघत होतो.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर यायचा तो कधीमधी. आला की गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि मग काठावर झुंबड उडायची. त्या दिवशी तो विहिरीकडं वळलाच नाही. सरळ शाळेमागच्या माळावर गेला. मंत्री दुष्काळ बघायला हेलिकॉप्टरनं येणार होते. त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून माळ भिजवायचा हुकूम होता. बाया रिकामे हंडे घेऊन टँकरमागं पळाल्या. त्यात माझी माय होती. त्यांना अडवायला एक दोरी बांधली होती आणि त्या दोरीला माझा हात होता.

मी लातूरच्या कॉलेजात शिकायचो. छात्रसेनेत होतो. खाकी वर्दी, दंडावर पट्टी, बुटांना पॉलिश. गाव मुरुडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझ्या पायाखालचं, म्हणून बंदोबस्ताला आमची तुकडी आली तेव्हा दोरीच्या तोंडाशी मला उभं केलं. माय दोरीच्या पलीकडून म्हणाली, "एक हंडा भरून घिऊ दे की बाबा." मी तिच्याकडं बघितलं नाही. ड्यूटीवर होतो ना! तिच्या डोळ्यांसमोर ढेकळं पाणी पीत होती.

हेलिकॉप्टर उतरलं. एवढं पाणी ओतूनही धूळ उडायची ती उडालीच. मंत्री गाडीत बसून वाळलेली ज्वारी बघायला गेले. पायलट खाली उतरला. तरुण होता, माझ्यापेक्षा फार तर थोडा मोठा. हवाई दलाचा आहे, असं आमच्यातला एक जण हळूच बोलला. पायलटनं डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला, सगळ्यात जवळ मी होतो म्हणून मला हिंदीत विचारलं, "पानी मिलेगा?"

मला काय आनंद झाला! कडक सलाम ठोकला आणि मांडवात धावलो. पांढऱ्या कपड्याच्या टेबलावर तांब्या होता, पेले होते. मी तांब्याला हात घालणार, तेवढ्यात पाटील ओरडले.

"ए! भांड्याला हात लावू नको."

एवढंच. मांडवात तलाठी होता, मास्तर होते, माझ्याबरोबरची लातूरची पोरं होती. सगळी वळून बघायला लागली. पाटलाच्या गड्यानं माझ्या अंगाला अंग लागणार नाही असं वळसा घालून तांब्या उचलला आणि पायलटला नेऊन दिला. पायलटनं सगळं बघितलं होतं. पाणी पिऊन त्यानं तोंड पुसलं, चष्मा परत डोळ्यांवर चढवला. काही बोलला नाही.

मंत्री परत आले. निघायची घाई होती. ते चढून मागं बसले आणि पुढं वाकून पायलटला काहीतरी म्हणाले. पायलटनं मागं न बघता एक बोट वर केलं. थांबा. आणि मंत्री थांबले! ज्यांच्यासाठी आमच्या गावाचं पाणी मातीत गेलं, ते मंत्री एका बोटावर थांबले. मला त्या यंत्राचं फारसं काही आठवत नाही. ती पुढची खुर्ची आठवते आणि ते बोट आठवतं.

हेलिकॉप्टर गेलं. सकाळपासून उन्हात उभा होतो, घशाला कोरड पडलेली. पाटील आता खुशीत होते, सोहळा नीट पार पडला होता. मांडवातून म्हणाले, "लई येळ उभारलास रे. पानी पितो का? धर ओंजळ."

मी वाकलो. दोन्ही हात जोडून हनुवटीखाली धरले. गड्यानं वरून धार सोडली. जरा जास्तच वरून. पाणी मनगटावरून बाहीत शिरलं, दंडावरची पट्टी भिजली. लातूरची पोरं बघत होती. त्यांच्याबरोबर मी रोज परेड करायचो, एका डब्यात खायचो. त्या दिवसापर्यंत त्यांना माझं हे माहीत नव्हतं. आता झालं.

रात्री जेवताना बाला सांगितलं, "मला त्या खुर्चीत बसायचं हाय."

बा दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेला. हाताला फोड. त्याला वाटलं मी तलाठ्याच्या खुर्चीबद्दल बोलतोय.

"कोनत्या खुर्चीत?"

"हेलिकॉप्टरच्या. पुढच्या."

तो हसला नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आज्यानं दीक्षा घेतल्यावर लावलेली. तिच्याकडं बघत म्हणाला, "तुझ्या आज्यानं घरातले समदे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. लई हिंमतीचा मानूस. पन इहिरीवर गेला की ओंजळच धरायचा. म्या बी तेच केलं. देव सुटले, ओंजळ न्हाई सुटली." मग ताटातला तुकडा मोडत म्हणाला, "जा. बस त्या खुर्चीत. काय लागतंय ते कर."

मी केलं. गणित, भूमिती, पदार्थविज्ञान आधीच बरं होतं. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. कॉलेजच्या वाचनालयात इंग्रजी पेपर यायचा, तो मी मोठ्यानं वाचायचो. शिपाई हाकलून द्यायचा, मग मैदानावर जाऊन वाचायचो. अर्ज भरला. लेखी परीक्षा दिली, पास झालो. पुढच्या उन्हाळ्यात निवड मंडळापुढं हजर राहायचं बोलावणं आलं. हवाई दलात अधिकारी. उड्डाण शाखा. मंडळानं निवडलं तर पुढं यंत्रावरची एक परीक्षा असते. हातापायांचा आणि डोळ्यांचा मेळ बघतात. ती आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झाला तो कधीच पायलट होत नाही. मला त्या एका संधीपर्यंत पोचायचं होतं.

बोलावणं पोस्टमननं पाराजवळ माझ्या हातात दिलं, म्हणजे अख्ख्या गावाला कळलं. पाटील पारावर बसले होते. त्यांनी मला बोलावून विचारलं, "काय रे, इमान उडवायला चाललास म्हनं?"

"हाव."

पारावरची माणसं हसली. पाटील हसले नाहीत. त्यांचा आवाज अगदी मायेचा झाला, तो मायेचा आवाज मला शिवीपेक्षा वाईट वाटतो. म्हणाले, "भरतीला शिपाई म्हनून जा की. तुमच्या लोकांना तिथं घेतेत. हुकूम ऐकायची सवय हाय तुम्हाला, जमंल. हुकूम सोडायचं काम येगळं अस्तंय." मग उठता उठता म्हणाले, "जा, जाऊन ये. येशीलच म्हना परत. आन् हितंच ओंजळ धरशील."

मी बोलावणं खिशात घालून घरी आलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर लातूरहून छोट्या गाडीनं कुर्डुवाडीपर्यंत आलं, तिथून मोठ्या गाडीनं दूरच्या त्या शहरापर्यंत आलं. मायनं फडक्यात दशम्या बांधून दिल्या होत्या. लातूरच्या बाजारातून मी एक पांढरा, निळ्या काठाचा मग घेतला होता. माझा स्वतःचा. वाटेत स्टेशनाच्या नळाखाली तो भरून घ्यायचो आणि प्यायचो. कुणाकडं बघावं लागत नव्हतं.

मंडळाच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा आमची नावं काढून घेतली. खरंच. छातीवर नंबर बांधला आणि सांगितलं, इथं तुम्ही म्हणजे हा नंबर. मी नऊ नंबर झालो. मला एवढं मोकळं कधीच वाटलं नव्हतं. शाळेत नाव सांगितलं की पुढचा प्रश्न आडनावाचा, आडनाव सांगितलं की पुढं प्रश्न नाही, नुसती नजर. इथं आडनावच नाही! एका खोलीत दहा जण, लोखंडी खाटा, एकसारख्या चादरी. जेवायला एकच लांब टेबल. मी मधोमध बसलो.

शेजारच्या खाटेवर चार नंबर होता. देगलूरकडचा. बोलण्यातून कळलं आणि आम्ही दोघं एकदम मराठीवर आलो. घरची बागायत, नांदेडला बंगला, बुलेट चालवायचा. दिलदार होता, खोटं कशाला सांगू. माझ्या दशम्या आवडीनं खाल्ल्या. "गाववाले" म्हणून हाक मारायचा. पहिल्या दिवशी गटचर्चेत मी तोंडच उघडू शकलो नाही, इंग्रजी घशात अडकलं, तेव्हा यानंच रात्री समजावलं. "घाबरून नको राहू. चुकलं तर चुकलं, मोठ्यानं बोल." एकदा सहज विचारलं, "तुझं आडनाव काय, गाववाले?"

"इथं नंबर चालतो," मी म्हणालो. तो हसला आणि विषय सोडून दिला.

मुलाखत बरी झाली. साहेबांनी कागद बघून विचारलं, शाळेच्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे आणि तुम्ही सांगता लातूर, खरं काय? मी सांगितलं, दोन्ही खरं. जिल्हा नवा झालाय. गाव आहे तिथंच आहे, कचेरी जवळ आली. साहेब हसले. विमानात कधी बसलात का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही, पण एका हेलिकॉप्टरसाठी, धूळ उडू नये म्हणून, माझ्या गावाचं पिण्याचं पाणी ओतलं होतं. ते लिहायचे थांबले आणि मग पुढचा प्रश्न विचारला.

मग मैदानावरचा दिवस उजाडला. सकाळी एकेकट्यानं अडथळे पार करायचे. उंच भिंत, लोंबता दोर, खंदक, ओंडक्यावरून चालणं. माझी तालीम होती. आमच्या आळीच्या आटलेल्या आडात उतरून गाळ काढलेला माणूस मी, दोराची काय भीती? बहुतेक सगळे अडथळे झाले. घामाघूम होऊन झाडाखाली आलो. छाती भात्यासारखी चाललेली. टेबलावर काचेचे ग्लास मांडलेले. एक म्हातारा शिपाई जग घेऊन उभा होता. त्यानं मला बघितलं आणि जग उचलला.

आणि मी वाकलो.

दोन्ही हात जोडले. हनुवटीखाली धरले. ओंजळ.

मी विचार केला नव्हता. धाप लागली होती, समोर पाणी होतं, कुणीतरी भांडं उचललं होतं. माझ्या अंगाला एवढंच माहीत होतं. शिपाई गोंधळला. जग तसाच धरून म्हणाला, "साहब, गिलास लीजिए ना."

साहब म्हणाला तो मला.

पोरं हसली. त्यातली कितीतरी उगाच हसली, त्यांना वाटलं मी गंमत करतोय. एकाच माणसाला कळलं. चार नंबर ग्लास ओठाला लावून उभा होता. त्यानं ग्लास हळूच खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं.

"अच्छा," तो म्हणाला. "तुम्ही त्यांच्यातले का."

मग शेजारच्या पंजाबी पोराला हिंदीत सांगितलं, "हमारे उधर ये लोग ऐसेही पीते हैं।" ओरडून नाही. माहिती द्यावी तसं. तो पंजाबी पोरगा काही न समजल्यासारखा हसला. चार नंबर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

माझ्या छातीवर नंबर होता. नाव काढून घेतलेलं होतं, आडनाव मी सांगितलंच नव्हतं. आणि माझ्या हातांनी सगळं सांगून टाकलं. आज्याची ओंजळ, बाची ओंजळ माझ्या मनगटात बसली होती, आणि पाटील तिथं नसतानाही पाटलाचा हुकूम मी पाळला होता. मला संताप आला. चार नंबरचा नंतर आला. आधी माझ्या हातांचा आला. मी ग्लास उचलला, भरून घेतला, टेबलाच्या त्याच टोकाला गेलो, त्याच्यासमोर उभा राहून प्यालो. पाणी सांडलं, पण ग्लासातलं सांडलं.

पुढचं काम म्हणजे कमांडर व्हायचं. एकेकाला बोलावतात, त्याला एक अडचण देतात आणि म्हणतात, तू कमांडर, मदतीला गटातले दोन जण निवड. मदतनिसांनी डोकं चालवायचं नाही, कमांडर सांगेल तेवढंच करायचं. अधिकारी वही घेऊन बघत उभा राहतो. प्रत्येक जण आपल्या दोस्तांना निवडतो, ऐकणाऱ्यांना निवडतो. शहाणपण त्यातच असतं.

माझी पाळी आली. साहेबांनी विचारलं, "नऊ नंबर, कुणाला घेणार?"

"पाच नंबर," मी म्हणालो. तो पंजाबी पोरगा. अंगानं दणकट. "आणि चार नंबर."

चार नंबर जागचा हलला नाही. साहेबांनी वर बघितलं. मग तो आला.

समोर एक उंच लाकडी घडवंची, मधे मोठी मोकळी जागा, पलीकडं दुसरी घडवंची. मधल्या जमिनीला पाय लावायचा नाही. एक फळी, एक दोर, एक जड पिंप. तिघांनी आणि पिंपानं पलीकडं जायचं. फळी इतकी लांब नव्हती की दोन्हीकडं टेकेल. मी बघितलं आणि मला कळलं. फळी अर्धी पुढं काढायची, मागच्या टोकावर दोघांनी वजन टाकून बसायचं, पुढच्या टोकावरून मी उडी घ्यायची. मागचे उठले की मी तोंडावर पडणार. म्हणजे चार नंबरच्या वजनावर मला माझी हाडं सोपवायची होती.

"पाच, चार, फळीवर बसा. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

ते बसले. फळीवरून पुढं गेलो. ती वाकली, पण मागचं टोक हललं नाही. हेही खरं सांगतो, तो उठला नाही. उडी मारली, पलीकडं पोचलो. दोर फेकला. पिंप ओढून घेतलं. मग फळीही दोरानंच माझ्याकडं ओढून घेतली आणि माझ्या बाजूनं पुढं काढली. पिंप आणि मी मागच्या टोकावर. पाच नंबर त्यांच्या घडवंचीवरून फळीच्या टोकावर झेपावला, पुढं सरकला, मी हात पुढं केला, त्यानं पकडला, आला. मग त्याला पिंपाजवळ बसवलं आणि मी फळीवरून पुढं सरकलो. चार नंबर उरला.

"हात दे," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. तोच हात. घामानं भिजलेला, दोरानं सोललेला. तो म्हणाला, "दोर टाक. मी दोर पकडून येतो."

दोरानं तो आला नसता. मधे लोंबकळला असता, पाय जमिनीला लागले असते. त्याला हे कळत होतं. साहेब वहीवरून बघत होते. वेळ चालला होता. मला पारावरचे पाटील आठवले, हुकूम सोडायचं काम वेगळं असतं म्हणणारे. मी आवाज चढवला नाही. परेडला देतात तसा दिला.

"नंबर चार. हात दे. हा हुकूम आहे."

मराठीतच दिला. साहेबांना कळला नसेल, पण त्याला कळला.

त्यानं हात दिला. मी मनगटापाशी पकडला आणि ओढला. तो माझ्या अंगावर येऊन आदळला, छातीला छाती लागली, नंबराला नंबर लागला. काम पूर्ण झालं. साहेब म्हणाले, "ठीक है, नौ नंबर. जाओ."

उतरताना मी बघितलं. चार नंबरनं तो हात आपल्या चड्डीला पुसला. पुस बाबा, मी मनात म्हणालो. कातडं निघेपर्यंत पुस. आलास तू माझ्या हुकमानं आणि माझ्या हातानं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना एका रांगेत बसवून निवडलेले नंबर वाचले. वाचले तेव्हा माझा कान माझ्या नंबरावर होता. चार वाचला. नऊ वाचला नाही.

का नाही, ते सांगत नाहीत. कुणालाच सांगत नाहीत. मी कुणावर आळ घेत नाही. गटचर्चेत मी मुका बसलो होतो, ते मला माहीत होतं. पण फळीवर मी काय केलं तेही मला माहीत होतं. निवडलेले आत राहिले, यंत्रावरच्या परीक्षेला. आम्ही नंबर उतरवून टेबलावर ठेवले, आपली नावं परत घेतली आणि ट्रकमध्ये बसून स्टेशनवर आलो. ट्रकच्या मागच्या फळीला टेकून मी रडलो. शेजारच्या पोरानं तंबाखू पुढं केली. मी घेतली नाही. मला फक्त एक गोष्ट धरून ठेवायची होती. ती आयुष्यात एकदाच देता येणारी परीक्षा मी दिलेलीच नव्हती. माझी संधी वापरली गेली नव्हती. शाबूत होती.

मुरुडला उतरून गावाकडं चालत निघालो. ऊन डोक्यावर. गावात शिरलो तर विहिरीवर गर्दी. टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता. विहीर गावची, टँकर सरकारचा, पाणी मात्र वरच्या आळीच्या हातानं मिळायचं. काठावर पाटलाचा गडी पोहरा शेंदत होता. वरच्या आळीच्या बाया काठावर चढून भरत होत्या. आमच्या बाया खाली, लांब, हंडे मांडून बसलेल्या. त्यांच्या हंड्यात वरून ओतलं जायचं, ते पण सगळ्यांचं झाल्यावर. माय रांगेत होती. तिनं मला बघितलं, माझ्या तोंडावरून तिला कळलं.

पाटलांनाही कळलं. लिंबाखाली खाट टाकून पाण्याची वाटणी बघत बसले होते.

"या पायलट!" ते म्हणाले. "आलास? म्या म्हनलंच व्हतं. दमून आलास, पानी पी. धर ओंजळ."

गड्यानं पोहरा उचलला. सगळा गाव बघत होता. माझ्या हातांना पाण्याचा वास आला आणि ते वर यायला निघाले. खरंच निघाले. मी ते अर्ध्यात थांबवले. मागं नेले. पाठीवर एकात एक अडकवले, पाय फाकवून ताठ उभा राहिलो. परेडमध्ये ज्याला विश्राम म्हणतात तसा.

"तांब्यात द्या," मी म्हणालो.

"काय?"

"तांब्यात द्या, न्हाईतर पोहरा माझ्या हातात द्या. ओंजळ न्हाई धरनार."

मग मायच बोलली, रांगेतून, घाबरलेल्या आवाजात. "धर की रं बाबा. एवढ्यानं काय व्हतंय? मला हंडा भरायचा हाय. आज न्हाई दिलं तर घरात थेंब न्हाई."

पाटलांना जे जमलं नसतं ते मायच्या त्या बोलण्यानं होत आलं. तिचा रिकामा हंडा माझ्या पायाशी होता. माझी इज्जत आणि तिचा हंडा, दोन्ही पोहऱ्याच्या दोराला बांधलेले. मी तिला म्हणालो, "माय, तुझा हंडा मी भरतो."

आणि काठावर चढलो.

चढलो म्हणजे काय, तीन पायऱ्या. आमच्या घरातलं कुणी त्या चढलं नव्हतं. गडी बाजूला झाला. त्याला मारायचा हुकूम मिळाला असता तर त्यानं मारलं असतं, पण हुकूम आलाच नाही. मी त्याच्या हातातून दोर घेतला. पोहरा आत सोडला. तो पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, मी झटका देऊन बुडवला, ओढला. खाली उतरून मायचा हंडा भरला. मग पिशवीतून तो पांढरा, निळ्या काठाचा मग काढला, पोहऱ्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर सरळ उभा राहून प्यालो. वाकलो नाही.

आता पाटील उठले. "इहीर बाटवली! पोलिसात देतो तुला. समदी आळी उठवतो गावातून."

"उठवा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो फळीवरचा आवाज होता. "पोलिसात जावा. म्या बी येतो. म्या कलेक्टरकडं जातो. पहिलं कलेक्टर उस्मानाबादला बसायचा. एस्टीच्या पैशाला महाग आमी, आमचा बा कवा जानार आन् कवा सांगनार? आता लातूर जवळ हाय, पाटील. चालत जाईन."

मायनं हंडा डोक्यावर घेतला. पाणी हिंदकळत होतं. माझ्याकडं न बघता ती घराकडं निघाली. तिच्या मागं रांगेतली दुसरी बाई उठली, तिनं आपला हंडा काठाच्या पहिल्या पायरीवर ठेवला आणि मला म्हणाली, "माझा बी भर."

मी भरला. मग सगळ्यांचे भरले. हाताची सालटं निघाली.

घरी बा खाटेवर बसला होता, त्याच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. "आता काय करनार?" त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती आणि भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं.

"दोन अर्ज करनार," मी म्हणालो. "एक इहिरीचा. एक इमानाचा."

दुसऱ्या दिवशी फटफटायला लागताच लातूरच्या रस्त्याला लागलो. चालत. विहिरीचा अर्ज रात्रीच लिहून खिशात घातला होता, खाली आमच्या आळीचे अंगठे होते, पहिला बाचा. दुसरा, हवाई दलाचा, लातूरलाच भरायचा होता.

आळी उठवायला ते येतील, तर येऊ देत. मंडळानं परत नाकारलं तर परत जाईन, वयाची अट संपेपर्यंत जाईन, आणि गटचर्चेत मोडक्या इंग्रजीत का होईना, सगळ्यांच्या आधी बोलेन. त्या खुर्चीत बसलो आणि समोर कुणी कुणाला तांब्याला हात लावू दिला नाही, तर मी चष्मा डोळ्यांवर चढवून गप्प बसणार नाही. बोट वर करीन. यंत्र जागचं हलणार नाही, मागं मंत्री का बसलेला असेना.

आणि खुर्ची मिळो न मिळो, माझे हे हात यापुढं दोर ओढतील, हुकूम देतील, अर्ज लिहितील. ओंजळ धरणार नाहीत.